अधिक महिन्यातला पास्क

आमचा सण कधी, हे आम्हाला सदाशिव पेठेतले एक जोशीबुवा सांगायचे, असं मी म्हटलं की आमच्या आताच्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. ख्रिस्तावांचा सण, आणि तो ब्राह्मणाने सांगायचा. हसा बापड्यांनो. तुमच्या वेळी देऊळ आहे, देवळाला घंटा आहे, पाद्री आहे. तो रविवारी सांगतो अमुक दिवशी अमुक सण, की तुम्ही तांदूळ भिजत घालायला मोकळ्या. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. सरकारने देवळाला जागा दिली ती पुढे. मी सांगते आहे ते त्याच्या आधीचं.

तेव्हा पुण्यात आमची घरं किती, तर एका पंगतीत बसतील एवढी. सगळी तोफखान्यातली माणसं. कुणी गोव्याकडचे, कुणी आमच्यासारखे वसईचे. माझे यजमान गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारे. शहराच्या पूर्वेला ओढ्यापलीकडे तोफखान्याच्या लोकांसाठी खोल्यांची एक रांग होती, तिच्यातली एक आमची. पाद्री गोव्याहून कधी वर्षाने यायचा, कधी दोन वर्षांनी. आला की लग्नं लावायची, पोरांच्या डोक्यावर पाणी घालायचं, आणि गेला. मधल्या काळात आमचं धर्माचं सगळं बघायचे ते एक म्हातारे गोलंदाज. त्यांना सगळी रांग बाबा म्हणायची. रविवारी त्यांच्या खोलीत जमायचं. भिंतीवर लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस, आणि त्याच्यापुढे समई. हो, समईच. मेणबत्त्या कुठून आणणार होतो आम्ही?

नाताळचं सोपं होतं. संक्रांत कधी ते पुण्यात कुणालाही विचारा, तिच्या अलीकडे पंधरवड्याहून थोडं जास्त मोजा, की झाला नाताळ. चुकला तर एखाद्या दिवसाने. अवघड सगळं पास्काचं. पास्क म्हणजे प्रभू मरणातून उठला तो रविवार. आमच्यात त्याहून मोठा सण नाही. त्याच्या आधी चाळीस दिवस उपास असतात, एकवेळचं जेवण, मांस वर्ज्य. पण हा सण चंद्रावर चालतो, त्यामुळे दर वर्षी सरकतो. बाबांना त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं की दिवस आणि रात्र सारखी झाली की त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा रविवार तो पास्क. आता दिवस-रात्र मोजत कोण बसणार? पुण्यात राहून राहून त्यांनी ते सोपं करून टाकलं होतं. चैत्राची पौर्णिमा, आणि पुढचा रविवार. वर्षानुवर्षं ते बरोबर जुळतही होतं.

आणि ती पौर्णिमा विचारायला जायचं काम माझ्याकडे होतं. तोफा मोहिमेवर निघायचा मुहूर्त जे जोशीबुवा काढून द्यायचे त्यांचीच आणि आमच्या यजमानांची ओळख होती. गोव्याच्या बायकांना मराठी नीट येईना, म्हणून मी. मी खाली अंगणात उभी राहायची, बुवा वर ओट्यावर. ते मला बराच वेळ उभं ठेवायचे. अंगणात त्यांचे विद्यार्थी धूळपाट्यांवर अक्षरं गिरवत बसलेले असायचे, त्यांच्याकडे बघत बघत मी अक्षरं शिकले. म्हणजे बुवांनी मला ताटकळवलं नसतं तर हे लिहिणंही झालं नसतं, त्यांचे उपकारच मानले पाहिजेत.

तर त्या वर्षाचं सांगते.

त्या वर्षी दसऱ्यानंतर आमचे यजमान दक्षिणेकडे मोहिमेवर गेले. मुलगी तीन वर्षांची होती. मी घरात तोफेच्या दारूच्या कापडी थैल्या शिवायचं काम करायची, त्यामुळे चूल पेटत होती, त्याची चिंता नव्हती. पण दिवाळीनंतर खबर आली की वाटेत एक तोफ फुटली आणि तिच्याजवळची माणसं गेली. कुठली तोफ, कुठली माणसं, ते खबर आणणाऱ्याला ठाऊक नाही. रांगेतल्या सगळ्याच बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. मग एकेकीच्या नवऱ्याचा निरोप येत गेला. कुणी जासुदाबरोबर सांगून पाठवलं, कुणी बैलवाल्याबरोबर. माझ्याच घरी कुणी आलं नाही. ज्यांचे निरोप आले त्या बायका माझ्याशी बोलताना आवाज खाली घ्यायला लागल्या. मला त्याचीच भीती जास्त वाटायची.

संक्रांतीनंतर वसईहून माझा दादा आला, मला न्यायला. आईने पाठवलं होतं त्याला. घाट चढून आला तो माणूस, पायाला फोड आलेले, पण आधी मुलीला खांद्यावर घेतलं आणि मग म्हणाला, चल. मी म्हटलं, कशी येऊ? मी गेले की ही खोली दुसऱ्याला देतील. ते परत आले तर दाराशी कुणीतरी तिसरंच उभं असेल. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच होतं. मी वसईला गेले, म्हणजे मीच मान्य केलं की ते नाहीत. मग आईच्या घरी मी काय म्हणून राहायचं, तर विधवा म्हणून.

दादा शहाणा होता. त्याने ओढाताण केली नाही. म्हणाला, "बाय, पास्कापर्यंत वाट बघ. पास्क झाला की मी येतो. तोवर तो आला तर उत्तम, नाही तर तू आणि पोर माझ्याबरोबर चला. खुरसावर हात ठेवून सांग."

मी बाबांच्या खोलीतल्या खुरसावर हात ठेवला आणि वचन दिलं.

मग माघात मी नेहमीसारखी जोशीबुवांकडे गेले. त्यांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, यंदा चैत्र अधिक आहे. दोन चैत्र येणार. मी विचारलं, मग आम्ही कुठली पौर्णिमा धरायची? ते म्हणाले, अधिक महिन्यात सणवार नसतात, एवढंही माहीत नाही का, निज म्हणजे दुसऱ्या चैत्राचीच धरायची. मी भीत भीत म्हटलं, पण बुवा, आमचा देव वेगळा, त्याला हे चालतं का?

"देव तुमचा वेगळा असेल, बाई. चंद्रसुद्धा वसईहून आणलात का?"

विद्यार्थी खुदखुदले. मी घरी आले. बाबांना सांगितलं, तर त्यांनाही ते पटलं. म्हणाले, खरंच आहे, धोंड्याच्या महिन्यात कुठे कोण सण करतं. पुण्यात इतकी वर्षं काढलेली माणसं आम्ही, आमच्यातल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. म्हणजे आमचे उपास एक महिना पुढे गेले. आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. वाट बघायला एक महिना जास्त मिळाला होता.

शिमगा झाला, आणि आम्ही उपास धरले. शेजारच्या गल्लीत धोंड्याचा महिना म्हणून जावयांसाठी अनारसे तळले जात होते, त्याचा वास आमच्या रांगेपर्यंत यायचा. माझ्या आईचा जावई कुठे होता कोण जाणे. पण सकाळी उठायचं, प्रार्थना म्हणायची, थैल्या शिवायच्या, संध्याकाळी बाबांकडे जमायचं, या रीतीने एकेक दिवस पायाखालून जात होता. आज काय होईल हे माहीत नसायचं, पण आज काय करायचं ते माहीत असायचं. माझ्यासारखीला तेवढा आधार पुष्कळ होता.

अधिक महिना संपत आला होता तेव्हा एका दुपारी दादा दारात उभा. अंगावर धुतलेला सदरा, हातात गाठोडं. त्याने गाठोडं सोडलं तर आईने दिलेले तांदळाचे गोड वडे, आणि बरणीत मांसाचं लोणचं. मी घाईघाईने बरणीवर फडकं टाकलं.

"अरे, उपासाच्या दिवसांत हे काय आणलंस?"

"कसले उपास? पास्क होऊन आठवडा झाला."

"इथे नाही झाला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आधी त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी त्याला अधिक महिन्याचं सगळं सांगितलं, तसा तो पोट धरून हसला. म्हणाला, तुम्ही पुण्याला येऊन पार भटांच्या ओट्याखाली गेलात. आणि हसता हसता थांबला. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. म्हणाला, बाय, तू मुद्दाम तर नाही केलंस? वचनाचा दिवस पुढे ढकलावा म्हणून?

हे मला फार लागलं. कारण मी मुद्दाम केलं नव्हतं, पण तो महिना मिळाल्याचा आनंद मला झाला होता, आणि ते त्याला कळल्यासारखं वाटलं. त्याला घेऊन सरळ बाबांकडे गेले.

बाबांच्या खोलीत पाच-सहा माणसं होती. दादाने सांगितलं, वसईत, मुंबईत, सगळीकडे पास्क झाला. मग एक गोव्याची बाई रडायलाच लागली. सगळं जग सण करत होतं आणि आपण उपास करत बसलो, आपल्या प्रार्थना सगळ्या वाया गेल्या, असं तिला वाटलं. दुसरी म्हणाली, मग आजच सोडा उपास. तिसरीने तिला विचारलं, आज कसला सण आहे म्हणून सोडू? सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. म्हातारा माणूस, चूक त्याची. त्यांनी समईची वात सारखी केली. मग म्हणाले,

"प्रभू उठला आहेच. आपल्याला खबर उशिरा मिळाली, एवढंच. आपण तोफखान्यातली माणसं. खबर उशिरा आली म्हणून झालेली गोष्ट झालीच नाही, असं कधी पाहिलंय का?"

आणि त्यांनी ठरवून टाकलं की धरलेले उपास पुरे करायचे आणि निज चैत्रातच सण करायचा. पाद्री आला की काय शिव्या द्यायच्या त्या मला देऊ दे, म्हणाले.

ते बोलले ते सणाबद्दल. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पण मी तिथे दाराशी मुलीला कडेवर घेऊन उभी होते आणि माझ्या मनात काहीतरी जागेवर बसलं. यजमान जिवंत असतील तर ते या घटकेलाही जिवंत आहेत, मला खबर नसली तरी. आणि गेले असतील तर ज्याच्यापाशी गेले तो या घटकेलाही आहे. यातलं काहीच माझ्या वाट बघण्यावर अवलंबून नाही. पास्कापर्यंत, शिमग्यापर्यंत, अमक्यापर्यंत असं मी जे मनाशी दिवस बांधत होते, ते दिवसच मला खात होते. असं काही मला तेव्हा शब्दांत सुचलं नाही हो. तेव्हा फक्त एवढं झालं की मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी लागली.

घरी आल्यावर दादाला सांगितलं, मी येत नाही. तो म्हणाला, वचन? मी म्हटलं, वचन मोडल्याचा दोष लागायचा तो मला लागू दे, मी पाद्र्यापुढे कबूल करेन. पण तू म्हणालास ते भीतीपोटी म्हणालास, आणि मी कबूल केलं तेही भीतीपोटी. आता मला तेवढी भीती नाही. ते न आले तरी मी इथे थैल्या शिवेन, पोरीला वाढवेन. इथे बाबा आहेत, ही रांग आहे. माझं नीट चाललं आहे.

दादा चिडला. आईला काय सांगू, म्हणाला. एक रात्र बोलला नाही. सकाळी उठून त्याने आमच्या दाराची खिळखिळी झालेली कडी ठोकून पक्की केली, तेव्हा मला कळलं की त्याने मान्य केलं आहे. वाडीला पाणी द्यायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तो थांबू शकत नव्हता. जाताना बरणी तशीच ठेवून गेला. म्हणाला, तुमचा तो ब्राह्मणी पास्क आला की खा.

तो गेल्यावर मी जोशीबुवांकडे गेले. भांडायला नव्हे, पण पुढच्या वर्षी चूक नको म्हणून. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पंचांगात काही चूक नाही. देव तुमचा आणि महिना आमचा, मग बिनसणारच. मग त्यांनीच विचारलं की दिवस-रात्र सारखी होण्याचं आधी का नाही सांगितलंत, अधिकातलीच पौर्णिमा दिली असती. म्हटलं, तुम्ही बोलू कुठे दिलंत? विद्यार्थ्यांपैकी एक हसला आणि बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत धुळीत अक्षरं काढायला लागला.

मी निघाले, तर बुवा ओट्यावरून दोन पायऱ्या खाली उतरले. इतक्या वर्षांत कधी उतरले नव्हते. हळू आवाजात म्हणाले,

"तुमच्या यजमानांचा काही निरोप नाही असं ऐकतो. प्रश्न मांडून बघू का? आहेत की नाहीत, आत्ता सांगतो."

पुण्यातल्या मोठमोठ्या घरांतून त्यांच्याकडे लोक यायचे प्रश्न घेऊन. आणि त्यांनी ते दयेपोटी विचारलं होतं, मला कळत होतं. एका शब्दाचं काम होतं. आमच्यात असलं विचारणं पाप, पण पाद्र्याला कधी कळलंही नसतं.

मी म्हटलं, "नको, बुवा. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तुम्ही नाहीत म्हणालात तर मी ते खरं मानेन, म्हणून नको."

बुवांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, बरं आहे, चंद्रापुरतंच ठेवू आपण. आणि परत वर जाऊन बसले. त्यानंतर ते होते तोवर दर वर्षी मी न विचारता दिवस-रात्र सारखी होण्याचा दिवस आणि त्यापुढची पौर्णिमा, दोन्ही सांगायचे, आणि मला उभंही कमी ठेवायचे.

निज चैत्राची पौर्णिमा झाली आणि पुढच्या रविवारी आम्ही पास्क केला. पहाटे बाबांनी प्रार्थना म्हटल्या, मग सगळ्यांनी मिळून दादाची बरणी संपवली. लोणचं जरा जास्तच मुरलं होतं, पण कुणी तक्रार केली नाही. यजमान आले नाहीत. वसईचा पास्क गेला, पुण्याचाही गेला, आणि ते आले नाहीत. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं अशा गोष्टीत सणाच्या दिवशीच माणूस दारात उभा राहतो. नाही राहिला. त्या संध्याकाळी मी रडले. दुसऱ्या दिवशी उठून थैल्या शिवायला बसले. वैशाख गेला. मध्ये काही दिवस फार वाईट गेले, काही बरे गेले, पण दाराकडे बघत बसायची माझी सवय सुटली होती.

ज्येष्ठ लागला, आणि बिबवेवाडीहून दूध घालणारी गवळण एका सकाळी चरवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "अवं, लोणीला तळ पडलाय. तोफा बी हायेत. माझा भाऊ बघून आला." पावसाळ्याच्या आधी फौजा परततातच, त्यात नवल नव्हतं. मी मुलीला कडेवर घेतलं आणि सोलापूरच्या रस्त्याला लागले. बाबा मागून म्हणत होते, थांब, कुणाला तरी बरोबर घे. मी थांबले नाही.

लोणी काळभोरच्या अलीकडेच मला तोफांचे बैल येताना दिसले. धूळ इतकी होती की माणसं ओळखू येत नव्हती. मी कडेला उभी राहून एकेक चेहरा बघत होते. आणि एका गाड्याच्या मागून, दांडा धरून, ते चालत येत होते. एका बाजूचे केस जळालेले, दाढी वाढलेली, अंगावर सदरा दुसऱ्याचाच. मी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मारली. गाडीवाल्याने त्यांना कोपराने ढोसलं तेव्हा त्यांनी पाहिलं.

फुटली ती तोफ त्यांचीच होती. कान गेले होते. एका कानाने थोडं ऐकू यायचं, दुसऱ्याने काहीच नाही. वाटेतल्या एका गावात त्यांना बरं होईपर्यंत ठेवलं होतं. तिथून त्यांनी दोन निरोप पाठवले होते, ते दोन्ही कुठे गेले ते देवाला माहीत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा ते नुसते माझ्यासमोर उभे होते आणि मुलगी त्यांना घाबरून माझ्या मानेत तोंड खुपसत होती.

माणसाला अशा वेळी काहीतरी साधंच आठवतं. बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं,

"पास्क झाला का गं?"

मी त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, दोनदा झाला. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग ओरडूनच सांगितलं, दोनदा. बैल दचकले, गाडीवाला हसला, आणि ते काही न समजता मान हलवत राहिले, माझा हात सोडायला मात्र तयार होईनात.